झाडाशीं ओळख : मुलांसह राणीच्या बागेंत

शहरांतील मुलांना अधूनमधून बागेंत न्यावें, याविषयीं मतभेद असण्याचें कारण नाहीं. मोकळी हवा, हिरवळ, पांखरें आणि धांवावयास जागा यांचें महत्त्व आमच्या सुज्ञ वाचकांस नव्यानें सांगावयास पाहिजे असेंहि नाहीं. प्रश्न आहे तो नेल्यानंतर काय करावें हा. गेलीं कित्येक वर्षें आम्ही आमच्या व शेजारपाजारच्या नातवंडांस घेऊन मुंबईच्या राणीच्या बागेंत जात आहों, आणि तेथें येणारीं कुटुंबें कुतूहलानें न्याहाळीत आहों. त्यावरून आमचें असें मत झालें आहे कीं, बहुतेक मंडळी बाग पाहतात, पण बागेशीं ओळख करून घेत नाहींत. या दोहोंत अंतर किती आहे, आणि त्या अंतरामुळें आपलें व मुलांचें काय नुकसान होतें, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

प्रथम या बागेविषयीं थोडेंसें. १८६२ सालच्या १९ नोव्हेंबर रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या पत्नीच्या हस्तें ती लोकांस खुली झाली. तिला व्हिक्टोरिया राणीचें नांव मिळालें, म्हणून ती राणीची बाग. पुढें 'वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान' असें तिचें नामकरण झालें. तरी भायखळ्याच्या स्टेशनावर उतरणारा माणूस अजून राणीच्या बागेचाच रस्ता विचारतो. जिजाबाई कोणत्याहि राणीहून उण्या नव्हत्या, तेव्हां तो चुकतो असें आमच्यानें म्हणवत नाहीं.

या बागेचें मूळ मात्र शिवडीस होतें. शेती व उद्यानविद्या यांच्या वृद्धीसाठीं स्थापन झालेल्या एका मंडळीनें तेथें वनस्पतींची बाग केली होती. ती जागा दफनभूमीसाठीं गेली, आणि बाग भायखळ्यास आली. १८७३ सालीं ती नगरपालिकेच्या ताब्यांत आली व प्राणिसंग्रहालयाची भर त्यानंतर पडली. म्हणजे वाघ-हत्तींची बाग म्हणून आज जिची प्रसिद्धि आहे, ती मुळांत झाडांचीच बाग आहे. आजहि तेथें सुमारें तीन हजार झाडें आहेत आणि त्यांच्या जाति अडीचशेंहून अधिक आहेत. एवढी वनस्पतिसंपत्ति एका कुंपणाच्या आंत मुंबई बेटावर दुसऱ्या कोठें क्वचितच सांपडेल.

आमचा जन्म शाळामास्तरकींत गेल्यामुळें मुलांना हिशेब घालण्याची खोड जात नाहीं. बागेचें क्षेत्र सुमारें पन्नास एकर, म्हणजे दोन लक्ष चौरस मीटर. २०११ सालच्या जनगणनेप्रमाणें बृहन्मुंबईची लोकसंख्या १,२४,४२,३७३. ही बाग सर्वांना सारखी वाटून दिली, तर प्रत्येकाच्या वाट्यास किती जागा येईल? मुलें उत्साहानें गणित करतात, आणि उत्तर पाहून गप्प होतात. सुमारें १६० चौरस सेंटिमीटर. लांबी-रुंदी तेरा सेंटिमीटरांच्याहि आंत. मोठ्या माणसाचें एक पाऊलहि त्यांत मावणार नाहीं. जी वस्तु वाट्यास इतकी थोडी येते, ती वांटून घेऊन भागत नाहीं. तिचा उपभोग सर्वांनीं मिळून घ्यावा लागतो आणि सांभाळहि सर्वांनींच करावा लागतो. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या मुलास हें निराळें समजावून द्यावें लागत नाहीं. माजघर एकाचें नसतें, तशी बागहि एकाची नसते.

आतां आपण या जागेंत जाऊन करतों काय तें पाहूं. रविवारीं अकराच्या सुमारास दरवाजापाशीं रांग लागते. २०१६ सालीं दक्षिण कोरियांतील सोल शहराहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणण्यांत आले आणि २०१७ च्या मार्चपासून ते लोकांस पाहावयास मिळूं लागले. त्याच वर्षीं मोठ्या माणसाचें प्रवेशशुल्क पांच रुपयांवरून पन्नास रुपये झालें. तेव्हांपासून एक नवीनच घाई आमच्या दृष्टीस पडते. पैसे दिले आहेत, तेव्हां सर्व कांहीं पाहून झालें पाहिजे! बाप पुढें, मूल फरफटत मागें, आणि 'हा वाघ पाहिलास ना? चल, आतां पक्षी' असा पुकारा. पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरील तो गमत्या पक्षी पाहूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. मुलांना तो आवडतो, आम्हांलाहि आवडतो. परंतु कांचेपलीकडच्या थंड दालनांत तो दोन मिनिटें पाहावयाचा, त्याचें छायाचित्र घ्यावयाचें आणि गर्दीनें ढकललें म्हणून पुढें सरकावयाचें, यांत ओळख कोठून होणार? घरीं आल्यावर मुलास विचारावें, काय पाहिलेंस? तें यादी म्हणून दाखवितें. यादी म्हणजे ओळख नव्हे.

झाडाचें तसें नाहीं. तें आपल्यासाठीं थांबलेलें असतें. पिंजऱ्याच्या कोपऱ्यांत तें दडून बसत नाहीं, त्याच्यापुढें रांग लागत नाहीं, आणि पुढच्या महिन्यांत पुन्हां गेलें तरी तें त्याच जागीं असून निराळें असतें. लहान मुलास स्थैर्य आणि पालट हीं दोन्ही एकाच ठिकाणीं दाखविणारा दुसरा शिक्षक आम्हांला ठाऊक नाहीं.

एक उदाहरण सांगतों. आमचा एक नातू आठ वर्षांचा असतांना आम्हीं त्यास अशोक दाखवावयाचें ठरविलें. तो म्हणाला, "आजोबा, अशोक मला ठाऊक आहे. आपल्या सोसायटीच्या भिंतीशीं आठ आहेत."

"ते नांवाचे अशोक," आम्हीं म्हटलें. "खऱ्याची गांठ घालून देतों, चल."

शहरांत भिंतीच्या कडेनें शिपायांसारखीं उभीं असलेलीं उंच, निमुळतीं झाडें सर्वत्र अशोक म्हणून चालतात. तीं वस्तुतः आसुपालव जातीचीं. त्यांचीं फुलें हिरवट व इतकीं लहान कीं, लक्ष दिल्यावांचून दिसत नाहींत. संस्कृत कवींचा अशोक तो निराळा. त्यास आपण सीता-अशोक म्हणतों. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत त्याला नारिंगी फुलांचे झुबके येतात, आणि दिवस जातील तशीं तीं फुलें लाल होत जातात. जुन्या फांद्यांवर, कधीं कधीं तर थेट खोडावरहि तीं उमलतात. ज्या पाकळ्या वाटतात त्या खरोखर पाकळ्या नसून फुलाचीं निदलें असतात. या फुलास पाकळ्या मुळींच नाहींत. कोंवळीं पानें तांबूस असून मरगळल्यासारखीं खालीं लोंबत राहतात, आणि मग हिरवीं होऊन ताठ होतात.

नातू बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "हा तर रांगेंत उभा राहत नाहीं!" आणि थोड्या वेळानें, "पण आजोबा, याला फुलें खोडावर कां येतात?"

आम्हीं उत्तर दिलें नाहीं. त्याला म्हटलें, पुढच्या खेपेस याचें खोड आणि आंब्याचें खोड असे दोन्ही पाहूं, आणि मग तूंच सांग. मात्र कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकांतील गोष्ट त्याला तेथेंच सांगितली. राणीच्या बागेंतला अशोक फुलत नाहीं. सुंदर स्त्रीच्या पायाचा स्पर्श झाला म्हणजे तो फुलतो अशी कविसमजूत. राणीचा पाय झोपाळ्यावरून पडल्यामुळें दुखावलेला, म्हणून ती मालविकेस पाठविते. आणि पांच रात्रींच्या आंत अशोक फुलतो. हे ऐकून बरोबरच्या नातीनें हळूच आपला पाय बुंध्याला लावून पाहिला. त्या दिवसापासून तें झाड तिचें झालें. फुलें येण्याचा काळच होता. पण श्रेय तिनें घेतलें, आणि आम्हीं तें घेऊं दिलें.

अशीं कितीतरी झाडें त्या बागेंत मुलांची वाट पाहत आहेत. ब्रह्मदेशांतून आलेली उर्वशी पाहावी. लांब देंठांवर झुंबरासारखीं लोंबणारीं गुलाबी-तांबडीं फुलें, त्यांवर पिवळा ठिपका. तिच्या शास्त्रीय नांवांत गव्हर्नर-जनरलच्या पत्नी लेडी ॲम्हर्स्ट यांचें नांव अडकलें आहे, पण आपल्या लोकांनीं तिला स्वर्गांतील अप्सरेचें नांव दिलें. गोरखचिंच ही मूळची आफ्रिकेची. तिचा बुंधा कवेंत घ्यावयास मुलांना हातांत हात धरून साखळी करावी लागते. पान हाताच्या पंजासारखें. पांढरीं मोठीं फुलें संध्याकाळीं उमलतात आणि वटवाघळें त्यांच्याकडे येतात. गोरखनाथानें याच झाडाखालीं शिष्यांस उपदेश केला अशी लोकांची समजूत आहे. कैलासपति दक्षिण अमेरिकेंतला. त्याच्या खोडावरच फुलें येतात, फुलाच्या मध्यभागीं पिंडीसारखा गोल आणि त्यावर फणेप्रमाणें वळलेलें केसरांचें छत्र. फळ मात्र तोफेच्या गोळ्याएवढें, आणि फुटलें तर वास असा कीं, मुलें नाक धरून हंसत पळतात.

परदेशचे हे पाहुणे आपल्या पुराणांत आणि आपल्या देव्हाऱ्यांत कसे बसले, हें मुलांना सांगावें. मुंबईंत कोण कोठून आला याची उठाठेव फार चालते. एकदां या झाडांच्या गांवांचीं नांवें मुलांनीं ऐकलीं म्हणजे त्या उठाठेवीचा उत्साह पुष्कळ कमी होतो.

पाय दुखूं लागले म्हणजे आजी-आजोबांनीं कथा सांगण्यासाठींहि त्या आवारांत साधनें आहेत. १८७२ सालीं उघडलेलें वस्तुसंग्रहालय तेथेंच आहे. १९७५ पासून त्यास डॉ. भाऊ दाजी लाड यांचें नांव आहे. जवळच दगडी हत्ती उभा आहे. घारापुरीच्या बेटावरचा हा हत्ती पाहूनच पोर्तुगीजांनीं त्या बेटास एलिफंटा म्हटलें. १८६४ सालीं त्यास विलायतेस नेण्याचा घाट घातला गेला; उचलतांना तो फुटला; तुकडे या बागेंत आणले गेले आणि १९१४ सालीं ते जोडून तो पुन्हां उभा केला. फोर्टमधील काळा घोडाहि १९६५ सालीं हलवून येथें आणला. त्या भागास मात्र घोडा गेल्यावरहि लोक काळा घोडाच म्हणतात. वस्तु गेली तरी नांव टिकतें, याचें हें उदाहरण. झाडांच्या बाबतींत आम्हांला याच्या उलट भीति वाटते. वस्तु समोर उभी आहे आणि नांव गेलें आहे. नांव गेलें कीं वस्तु जावयास वेळ लागत नाहीं.

हें आम्ही उगीच म्हणत नाहीं. आमच्या माहितीच्या एका इमारतीच्या आवारांत एक जुनें झाड होतें. दोन पिढ्यांच्या मुलांनीं त्याच्या सांवलींत गोट्या खेळल्या. इमारत नव्यानें बांधावयाची ठरली, आणि एके सकाळीं झाडावर करवत चालली. रहिवासी हळहळले, तक्रार करावयास बसले. कागद पुढें घेतला. 'आमच्या आवारांतील' असें लिहिलें. आणि पुढें झाडाचें नांव घालावयाचें तें कोणास येईना. कोणी म्हणे जांभूळ, कोणी म्हणे बकुळ. पंचेचाळीस वर्षें त्याखालून जाणाऱ्या गृहस्थांस त्याला फूल कोणत्या महिन्यांत येतें हें सांगतां आलें नाहीं. पुढें त्या अर्जाचें काय झालें हा निराळा विषय.

महाराष्ट्रांत शहरांतील झाडांच्या रक्षणाचा कायदा १९७५ पासून आहे. परवानगीवांचून झाड तोडतां येत नाहीं. परवानगी देण्यापूर्वीं वर्तमानपत्रांत सूचना द्यावी लागते, ती त्या झाडावरहि चिकटवावी लागते, आणि लोकांच्या हरकती ऐकून घ्याव्या लागतात. दर पांच वर्षांनीं झाडांची गणना करावी असेंहि त्यांत आहे. कायदा आपल्या जागीं ठीक आहे. पण सूचना वाचावयास त्या झाडाशीं थांबणारा माणूस पाहिजे. थांबण्याची संवय लहानपणीं लागली नाहीं, तर ती पुढें लागत नाहीं.

ही संवय काय करूं शकते तें राणीच्या बागेनेंच दाखविलें आहे. २००७ सालीं प्राणिसंग्रहालयाच्या पुनर्रचनेची एक अवाढव्य योजना पुढें आली. त्यांत झाडांचें काय होणार, हा प्रश्न प्रथम कोणी विचारला? त्या बागेंत वर्षानुवर्षें फिरावयास जाणाऱ्या, तिथलें झाड न् झाड ओळखणाऱ्या नागरिकांनीं, आणि त्यांत स्त्रियांचा पुढाकार मोठा होता. त्यांनीं समिति केली, झाडांची माहिती गोळा केली, अधिकाऱ्यांपुढें मांडली; आणि ती योजना होती त्या स्वरूपांत अमलांत आली नाहीं. त्यांच्या हातीं सत्ता नव्हती, पैसा नव्हता. ओळख होती.

तेव्हां मुलांना बागेंत न्यावयाचें तें कसें? आमची रीति सांगतों. ज्यास पटेल त्यानें घ्यावी.

प्रत्येक मुलानें एक झाड निवडावें, आणि तें त्यानेंच निवडावें, आपण नेमून देऊं नये. त्याचें मराठी नांव शिकावें, संस्कृत असेल तर तेंहि. वर्षांतून चार वेळां तरी, पावसाळ्यांत एकदां, दिवाळीनंतर एकदां, वसंतांत एकदां आणि ऐन उन्हाळ्यांत एकदां, त्याच झाडाची भेट घ्यावी. वहींत तारीख घालून चार ओळी लिहाव्या : पानें आहेत कीं गळलीं, फूल आहे कां, कोणतें पांखरूं दिसलें, मुंग्या कोणीकडे चालल्या होत्या. एवढें पुरें. कोणी म्हणेल, झाडाचें छायाचित्र घेतलें कीं मोबाइल लागलाच नांव सांगतो, मग एवढी यातायात कशाला? सांगतो खरा, आणि कधीं बरोबरहि सांगतो. पण पाहुण्याचें नांव दारावरच्या पाटीवरून कळणें निराळें आणि त्याला चहाला बसवून घेणें निराळें.

जातांना रविवारची दुपार टाळावी. साध्या दिवशीं सकाळीं लवकर जावें. बुधवारीं बाग बंद असते हें ध्यानांत ठेवावें. फूल तोडूं नये. खालीं पडलेलें उचलावें, आणि वहींत ठेवावें. प्राण्यांना ओरडून जागें करूं नये. खाऊचे कागद पिशवींत घालून घरीं आणावे. एवढें तीन-चार खेपांत मुलांच्या अंगवळणीं पडतें, कारण तीं आपल्याकडे पाहून शिकतात.

आणखी एक गोष्ट आमच्या घरांतील वडील मंडळींस उद्देशून. बागेंत जाण्याच्या दिवशीं पहाटेपासून डबे कोण भरतें, पाण्याच्या बाटल्या कोण वाहतें, आणि मुलें पडलीं-धडपडलीं तर त्यांच्यामागें कोण धांवतें? बहुधा घरची सून. नोकरी करून आठवड्यांतला एक दिवस तिला मिळतो, तोहि बागेंत स्वयंपाकघर मांडण्यांत जावा काय? मुलें आजोबांच्या स्वाधीन करावींत, डबा पुरुषांनीं उघडावा, आणि तिला अर्धा तास बांकावर स्वस्थ बसूं द्यावें. तिलाहि एखादें झाड निवडूं द्यावें. जें सुख मुलांना द्यावें असें आपणांस वाटतें, तें त्यांच्या आईस मिळालेलें त्यांनीं पाहिलें पाहिजे.

झाडाकडे जाण्याची चाल आपल्या घराण्यांत नवी नाहीं. कार्तिकांत आवळीभोजनास घरचीं माणसें आवळ्याच्या झाडाखालीं जाऊन पंगत मांडीत. वटपौर्णिमेस वडाला प्रदक्षिणा घालावयाच्या तर वडाकडे जावें लागे. शहरांत आतां काय होतें? वडाची फांदी तोडून बाजारांत विकावयास येते आणि घरांत पाटावर मांडून तिची पूजा होते. झाडाच्या दीर्घायुष्यासारखें सौभाग्य मागावयाचें, आणि त्यासाठीं झाडाचेंच अंग तोडावयाचें! आमच्या घरीं गेलीं कांहीं वर्षें फांदी येत नाहीं. घरच्या बायका मुलींना घेऊन जवळच्या वडाकडे जातात. धर्माचें कांहीं कमी झालें असें दिसत नाहीं, आणि मुलींना पारंब्या माहीत झाल्या.

आम्हीं राणीच्या बागेचें नांव घेतलें तें ती आमच्या परिचयाची म्हणून. पुण्याच्या वाचकांस एम्प्रेस गार्डन आहे, नागपुरास महाराजबाग आहे, बडोद्याच्या मराठी मंडळींस सयाजीराव महाराजांची कमाटी बाग आहे. कांहीं नसेल तर रस्त्याच्या वळणावर एखादा पिंपळ तरी असेलच. येत्या सुट्टीच्या दिवशीं मुलाचें बोट धरून त्याच्यापाशीं जावें, नांव सांगावें, आणि नांव आपल्यासच ठाऊक नसेल तर दोघांनीं मिळून तें विचारून घ्यावें. परततांना पुढच्या भेटीचा महिना ठरवून ठेवावा, आणि तो चुकवूं नये.